भंगारवाला काय घेत नाही? (प्लॅस्टिक, रिसायकलिंग आणि वेष्टनाची रचना)

वेष्टनकार

प्लॅस्टिकवर इथे आधीही धागे निघालेत आणि ते दरवेळी एकाच वळणावर जातात. निम्मे लोक म्हणतात बंदी घाला, निम्मे म्हणतात सगळं रिसायकल होतं की! मी पोटापाण्यासाठी वेष्टनांची रचना करतो. बाटल्या, डबे, पाऊच. साचेवाला, फिल्मवाला, छपाईवाला आणि मार्केटिंगवाले यांच्या मधे उभं राहून दिवसभर भांडणं सोडवायची, असं एकूण काम. तिथून जे दिसतं ते लिहितोय.

वस्तूचं पुढे काय होणार हे आपण समजतो तसं कचऱ्याच्या डब्यापाशी ठरत नाही. ज्या टेबलावर तिचं ड्रॉइंग मंजूर होतं तिथेच ते ठरून गेलेलं असतं. आणि आपल्याकडे त्या निर्णयाची परीक्षा भंगारवाला घेतो. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो, तो फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो. त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होणारच, असं मुळीच नाही. भंगारवाला काट्यावर घालून पैसे देतो का, हे बघायचं.

पाण्याची पेट बाटली घ्या. अंग पेटचं (पॉलिएस्टर जातीचं नितळ प्लॅस्टिक), झाकण एचडीपीईचं (घट्ट पॉलिथिन) किंवा पीपीचं (पॉलिप्रॉपिलीन), लेबल बहुधा बीओपीपीचं (पीपीचीच ताणलेली फिल्म). वेगवेगळ्या जाती एकत्र, तरी हा संसार नीट जमलेला आहे. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करतात, कॉस्टिक सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतात आणि टाकीत सोडतात. पाण्याची घनता १, पेटची १.३८, म्हणून ते तळाला बसतं. झाकण आणि लेबल यांची घनता १ च्या आत, ते तरंगतं. वरचं वर काढायचं, खालचं खाली. साधं पाणी निवडणी करून देतं.

आता याच बाटलीला कुणीतरी गळ्यापासून बुडापर्यंत चकचकीत पीव्हीसीची (ही प्लॅस्टिकची आणखी एक जात) श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवून आवळून बसवायचं छापील आवरण, चढवतं. पीव्हीसीची घनताही १.३५ च्या आसपास, म्हणजे तेही पेटबरोबर बुडतं. पुढे पेट वितळवायला २६० ते २८० अंश लागतात. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी करपायला लागतं, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, दाणा (वितळवलेल्या प्लॅस्टिकचे बारीक तुकडे, पुढच्या वस्तूंचा कच्चा माल) पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. चिमूटभर पीव्हीसी अख्खा घाणा बिघडवायला पुरतं. का? तर शेल्फवर बाटली उठून दिसायला हवी होती.

रंगाचंही तेच. नितळ बाटलीचा दाणा कशालाही चालतो. हिरवी, निळी, तपकिरी एकत्र झाली की गढूळ दाणा निघतो, त्याचे धागे नाहीतर पट्ट्या होतात, पुन्हा बाटली होत नाही. स्प्राइटची हिरवी बाटली ही त्या ब्रँडची ओळखच होती, तरी उत्तर अमेरिकेत २०२२ मध्ये ती बिनरंगी केली. जपानी पेयवाल्यांनी रंगीत पेट त्याच्या कितीतरी आधी सोडून दिलं होतं.

याउलट आपला श्रीखंडाचा डबा बघा, ज्यावर चित्र थेट डब्यातच उमटल्यासारखं दिसतं तो. त्याला इन-मोल्ड लेबल म्हणतात. पीपीचं छापील लेबल आधी साच्यात ठेवायचं आणि त्यावर वितळलेलं पीपी सोडायचं. डबा पीपी, लेबल पीपी, झाकणही पीपी. गोंद नाही, कागद नाही. असाच्या असा ग्राइंडरमध्ये जातो. (त्याआधी काही वर्षं तो फ्रीजमध्ये खोवलेला नारळ सांभाळतो, ते वेगळं.)

आणि वेफर्सचं पाकीट? बाहेरून एक फिल्म, मधे अॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा, आतून सील होणारा तिसरा थर. पातळपणा, कुरकुरीतपणा टिकवणं आणि किंमत या तिन्ही बाबतींत हे पाकीट अफलातून आहे. मी स्वतः अशी पाकिटं केलीत. पण ते थर उकलत नाहीत. फार तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जळतं. त्यातून उष्णता मिळते हे मान्य, पण त्याला रिसायकलिंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

२०१७ साली एक जागतिक हिशेब प्रसिद्ध झाला होता. २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झालं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्या कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं. लोकांनी कचरा वेगळा केला नाही म्हणून हे झालं, असं आपल्याला सांगितलं जातं. माझ्या मते मोठा वाटा टेबलावरच्या निर्णयांचा आहे.

तर प्रश्न असा: तुमच्याकडचा भंगारवाला काय घेतो, काय परत देतो?

फक्त_वाचक

+१. वाचनखूण साठवली आहे.

मीनल_कोथरूड

आमच्या सोसायटीत 'स्वच्छ'च्या ताई येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासूनची, आणि तिच्यातून पुण्यात 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरटी थोडे पैसे आणि वर सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते त्यांचं. त्यामुळे ताईंच्या पिशवीत काय जातं आणि काय बाजूला पडतं हे पाहिलं की वेष्टनकार यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

पेट बाटल्या, शाम्पूच्या जाड बाटल्या, तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या: आनंदाने. हॉटेलचे काळे डबे: घेतात, पण धुतलेले असले तर. बिस्किटाचे रॅपर, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्टची ट्यूब, सॉसचे पाऊच: बाजूला. थर्माकोल दिसला की चेहराच बदलतो.

दुधाच्या पिशवीबद्दल एक. कोपरा पूर्ण कापू नका! छोटा काप द्या, तुकडा पिशवीला लटकत राहू दे. तो त्रिकोणी तुकडा सिंकमधून गटारात जातो, त्याला कुणी वेचत नाही. ताईंनीच सांगितलं. मध्यंतरी सोसायटीने एका खाजगी ठेकेदाराला काम दिलं होतं (नाव घेत नाही), त्याची गाडी ओला-सुका एकाच हौदात ओतायची. वेगळं केलेलं सगळं पाण्यात. शेवटी पुन्हा ताईंनाच बोलावलं.

खवचट_आजोबा

मीनलताई, दुधाच्या पिशव्या धुऊन, ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवून वाळवून, महिन्याने रद्दीवाल्याला घालणारी पिढी अजून जिवंत आहे. आम्हाला सर्क्युलर इकॉनॉमी वगैरे कुणी शिकवली नव्हती, आठ-दहा रुपये सुटायचे म्हणून करायचो.

आणि त्याच्याही आधी मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्या होत्या. केंद्रावर रिकामी द्या, भरलेली घ्या. मग हा सगळा खटाटोप मुळात केला कशाला? पुन्हा काच आणा, मिटलं.

वेष्टनकार

आजोबा, काच फिरती ठेवली तरच परवडते, आणि फिरती ठेवायची तर अंतर कमी लागतं. रिकामी बाटली वजनाला जड, परत आणायला गाडी, धुवायला गरम पाणी. शहरातल्या शहरात हे उत्तम चालतं. सोड्याच्या आणि बिअरच्या बाटल्या आजही तशाच फिरतात. पण संगमनेरचं दूध मुंबईला काचेतून आणलं तर ट्रक निम्मा काचच वाहील. दुधाची पिशवी तीनेक ग्रॅमची असते हे विसरू नका. पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, म्हणजे पॉलिथिनची, म्हणूनच तर तुमचा रद्दीवाला घेतो. रचना चांगलीच आहे, परत येण्याची वाट कुणी बांधली नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा ही वाट बांधायची कल्पना होती. दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे ठेव, पाण्याच्या बाटल्यांवरही छापील परतावा. पुढच्या वर्षी विधानसभेत आकडाही आला होता: राज्यात रोज १ कोटी दुधाच्या पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लॅस्टिक. दुकानदार आणि डेऱ्या तयार झाल्या नाहीत. रिकाम्या पिशव्यांचा वास, त्या ठेवायला जागा, सुटे ५० पैसे, सगळ्याच अडचणी. दंडाची पावती मात्र फाटली: पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तुरुंगवास.

ऱ्हाईनकाठची

ठेवीचा विषय निघालाय तर इकडचं सांगते. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या पेय-बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट 'फांड' असतो, तेव्हापासून यादी वाढत गेली. पेय घेताना भरायचे, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये रिकामी बाटली घातली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर वटवायची. २५ सेंट लहान रक्कम नाही. बागेत कुणी बाटली सोडून गेलं तर कुणीतरी ती पाच मिनिटांत उचलून नेतं. अशा बाटल्या जवळजवळ सगळ्या परत येतात, आणि त्यात दुसरा कचरा मिसळलेला नसतो. त्यामुळे बाटलीपासून पुन्हा बाटली होते.

पण मायदेशी लोकांना वाटतं तसं इथे सगळं सोन्याचं नाही. बाकीचं वेष्टन पिवळ्या पिशवीत जातं आणि त्यातला बराच भाग शेवटी जाळला जातो. गंमत म्हणजे काळे डबे इथल्या मशीनला दिसतच नाहीत! निवडणी इन्फ्रारेड किरणांनी होते आणि काळ्या रंगातला कार्बन ते किरण शोषून घेतो. पुण्याच्या ताईंना दिसतो तो डबा जर्मन यंत्राला दिसत नाही.

आणि ती लटकती झाकणं! जुलै २०२४ पासून युरोपात ३ लिटरपर्यंतच्या बाटल्यांचं झाकण बाटलीलाच जोडलेलं असावं लागतं. सुरुवातीला पिताना नाकाला लागायचं, लोकांनी खूप शिव्या घातल्या. आता कुणी लक्षही देत नाही. मीनल, तुझा दुधाच्या पिशवीचा कोपरा आणि हे झाकण, एकच गोष्ट आहे.

दाणेवाला

बऱ्याच दिवसांनी लॉगइन केलं, विषय घरचा आहे म्हणून. आमचं दाण्याचं युनिट आहे, वडिलांपासून. आधी धारावीत तेराव्या कंपाउंडमध्ये गाळा होता, आता शहराबाहेर.

माल आला की आधी निवडणी. मशीन नाही, बायका करतात, आणि त्यांच्याइतकी पारख कुठल्या इंजिनिअरला नाही. बादलीवर टिचकी मारून आवाज ऐकतात. नखाने ओरखडा काढतात: पॉलिथिनवर उठतो, पीपीवर सहज उठत नाही. वाकवून बघतात, पांढरी रेघ पडते का. तरीही कळलं नाही तर कोपऱ्याला लायटर. पॉलिथिनचा मेणबत्तीसारखा वास येतो आणि थेंब गळतात. पॉलिस्टायरिन काळी काजळी सोडतं. पीव्हीसी ज्योत काढली की विझतं आणि वास नाकात झोंबतो. (घरी करू नका. आमच्याकडेही आता कमी करतो, तो धूर छातीला वाईट.)

मग नावं पडतात. ब्लो, एलडी, एचएम (तिन्ही पॉलिथिनचेच प्रकार), पीपी, आणि प्रत्येकात 'नॅचरल' आणि 'रंगीत'. बिनरंगी मालाला किलोमागे भाव चांगलाच जास्त असतो, कारण त्याचा कुठलाही रंग करता येतो. सगळे रंग मिसळले की एकच रंग निघतो, तो झाकायला वरून काळा घालायचा. घमेली, काळ्या बादल्या, शेतातला काळा पाइप, सगळं त्यातूनच.

वेष्टनकार साहेबांचं पाण्याच्या टाकीचं बरोबर आहे, पण टाकी सगळं करत नाही. पीपी आणि पॉलिथिन दोन्ही तरंगतात, तिथे हातच लागतो. आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमध्ये खडूची भुकटी भरून वजन वाढवतात. ती खुर्ची पीपी असून बुडते! जास्त भुकटीचा माल पुन्हा ओतला की ठिसूळ होतो. खुर्ची स्वस्त झाली, तिचा दुसरा जन्म गेला.

थर्माकोलचं विचारता? तो मुळात जवळजवळ सगळी हवा. टेम्पो भरतो, काटा हलत नाही. डिझेलचे पैसे निघत नाहीत म्हणून कुणी घेत नाही. न रिसायकल होणारा म्हणून नव्हे.

खवचट_आजोबा

म्हणजे सगळं भावावर आलं.

दाणेवाला

भावावरच आहे आजोबा. कच्चं तेल उतरलं की नवा दाणा स्वस्त होतो आणि आमचा दाणा पडून राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, चार रुपयांसाठी जुना कशाला घेऊ? २०२१ मध्ये प्लॅस्टिक भंगारावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. वेचणाऱ्या बाईकडे बिल कुठून येणार? जो सरळ धंदा करतो तोच महाग पडतो.

आणि ते ईपीआर प्रमाणपत्रांचं. नियम असा की ज्या कंपनीने वेष्टन बाजारात आणलं तिने तेवढं गोळा करून रिसायकल झाल्याचा पुरावा द्यायचा, तो पुरावा आमच्यासारख्यांकडून विकत घ्यायचा. कागदावर छान. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटकातल्या काही रिसायकलर्सनी ६ लाखांवर बोगस प्रमाणपत्रं काढलेली निघाली. तिकडे माल न हलवता कागद विकला गेला, इकडे खरा माल घासून-धुऊन काढणाऱ्याच्या प्रमाणपत्राला भाव उरला नाही.

प्रयोगशाळेतून

रसायनशास्त्राच्या बाजूने थोडी भर. 'पुन्हा पुन्हा रिसायकल' ही कल्पना धातूला शोभते, प्लॅस्टिकला तितकीशी नाही. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळी. वितळवताना उष्णता, ऑक्सिजन आणि ओलावा तिचे तुकडे पाडतात. पेटला ओलाव्याचं विशेष वावडं आहे: नीट वाळवल्याशिवाय वितळवलं तर पाण्याचे रेणू साखळ्या तोडत सुटतात. साखळीची लांबी मोजायला 'आयव्ही' नावाचा आकडा वापरतात. बाटलीला तो ०.७६ ते ०.८४ लागतो, कापडाच्या धाग्याला ०.६ च्या थोडा वर पुरतो. म्हणून आपल्याकडच्या बाटल्यांचा मोठा हिस्सा पॉलिएस्टर धाग्यात जातो. टी-शर्ट होतो, उशीतला भरावा होतो. आणि तिथे वाट संपते, कारण सूत-पॉलिएस्टरचं मिश्र कापड वेगळं करणं वेफर्सच्या पाकिटाइतकंच अवघड.

साखळी पुन्हा लांब करता येते. दाणे न वितळवता निर्वात टाकीत तासन्‌तास तापवत ठेवायचे, टोकं एकमेकांना जोडली जातात. पण त्यासाठी माल स्वच्छ हवा. २०२२ पासून अन्नपदार्थांच्या वेष्टनात रिसायकल केलेलं प्लॅस्टिक अटींवर चालतं. त्याच वर्षीच्या नियमांत कडक वेष्टनांसाठी २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल केलेला माल आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असं बंधन ठेवलं. लवचीक फिल्मसाठी मात्र १० आणि पुढे २०. फरक का, ते वर वेष्टनकार यांनी वेफर्सच्या पाकिटाबद्दल लिहिलंय त्यावरून कळेल.

तिखटजाळ

हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की कंपन्यांनी घाण करायची आणि कोथरूडच्या काकूंनी कोपरा जपून कापायचा. प्लॅस्टिकचे रस्ते करा आणि सोडा.

प्रयोगशाळेतून

प्लॅस्टिकचा रस्ता हे काम खरं आहे, हसण्यावारी नेऊ नका. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या राजगोपालन वासुदेवन यांनी ते केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १६०-१७० अंशाला तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे तुकडे टाकले की पातळ लेप बसतो, मग डांबर अधिक घट्ट धरतं. पीव्हीसी चालत नाही. पण ती शेवटची मुक्कामाची जागा झाली. त्यातून प्लॅस्टिक परत मिळत नाही, आणि रस्ता झिजतो तेव्हा ते कण कुठे जातात हा प्रश्न उरतो. ज्याला दुसरा उपाय नाही अशा पातळ फिल्मला ठीक. पेट बाटली त्यात घालणं म्हणजे उधळपट्टी.

वेष्टनकार

तिखटजाळ, पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे. जिनिव्हात ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक प्लॅस्टिक कराराची बोलणी पुन्हा फिसकटली, भांडण याच मुद्द्यावर होतं: उत्पादनावर मर्यादा घालायची, की फक्त कचरा आवरायचा. तेलवाले देश म्हणाले फक्त कचरा.

शिवारातून

नारायणगाव पट्ट्यातून. शेतातलं प्लॅस्टिक कुणाच्या खिजगणतीतच नाही, म्हणून लिहितो.

ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला बांधावर येऊन घेऊन जातो, घासाघीस करून भाव देतो. जाड, एका जातीचं, गुंडाळायला सोपं. मल्चिंग पेपरला (वाफ्यावर अंथरायची पॉलिथिनची पातळ फिल्म) मात्र कुणी कुत्रं विचारत नाही. टोमॅटो, कलिंगड, मिरची, सगळीकडे आता मल्चिंग. तण कमी, पाणी कमी, पीक चांगलं, त्यात वाद नाही. पण २५-३० मायक्रॉनचा पेपर. हंगाम संपेपर्यंत उन्हाने कडक होतो, ओढायला गेलं की चिंध्या. मुळं त्यातून घुसलेली, माती चिकटलेली. एक गठ्ठा उचलला तर निम्म्याहून जास्त वजन चिखलाचं. मजूर लावून काढायचा, आणि मग? बांधावर ढीग करून काडी लावतात. मी लावत नाही, पण शेजाऱ्याचा धूर माझ्याच घरात येतो. राहिलेले तुकडे रोटाव्हेटरने मातीत.

जाड पेपर अख्खा निघतो. एका दुकानातून ५० मायक्रॉनचा आणून एका पट्ट्यात टाकला होता, तो गुंडाळून निघाला आणि भंगारात गेला. पण रोलची किंमत जवळपास दुप्पट. दुकानदार म्हणतो, दादा, सगळे पातळच मागतात. मातीत कुजणारा पेपरही मिळतो, तो तर त्याहून महाग.

वेष्टनकार

शिवारातून, तुमचं उदाहरण माझ्या अख्ख्या लेखापेक्षा नेमकं आहे. दोन्ही पॉलिथिनच. एकाला बांधावर गिऱ्हाईक, दुसऱ्याला काडी. फरक फक्त जाडीचा. पातळ केलं की 'प्लॅस्टिक वाचवलं' असं आम्ही सादरीकरणात दाखवतो आणि टाळ्याही मिळतात.

कोकणमेवा

नमस्कार. आमचा चिपळूणजवळ महिला बचत गट आहे. कोकम आगळ, लसूण-खोबऱ्याची चटणी, मेतकूट. धागा वाचून धडकी भरली, कारण आगळाच्या बाटलीवर आम्ही तीच वर म्हटलेली अख्खी स्लीव्ह लावतो. छपाईवाल्याने सुचवली, दिसतेही सुरेख. चटणी आणि मेतकूट चकचकीत उभ्या पाऊचमध्ये. आता तो म्हणतो, ताई, 'कम्पोस्टेबल' पाऊच घ्या, गिऱ्हाइकाला आवडतं. घ्यावे का? आम्ही लहान माणसं, हजारोंच्या ऑर्डरी देऊ शकत नाही.

वेष्टनकार

ताई, एकेक घेऊ.

आगळ: बाटली नितळ पेटच ठेवा, फक्त स्लीव्ह काढा. अर्ध्या उंचीचं बीओपीपीचं लेबल लावा, गोंद गरम पाण्यात सुटणारा मागा. कागदी लेबल नको, धुताना त्याचा लगदा होऊन पेटला चिकटतो. झाकणावर जी प्लॅस्टिकची पट्टी तापवून आवळतात ती बऱ्याचदा पीव्हीसीच असते. तिच्याऐवजी उघडताना रिंग तुटते ते झाकण घ्या.

मेतकूट: याला दमटपणापासून जपायचं. बीओपीपी आणि सीपीपी अशा दोन थरांचा पाऊच मागा. दोन्ही पीपीच, एका जातीचं झालं. चटणीत सुकं खोबरं आहे, ते हवेने आणि उजेडाने खवट होतं, तिथे याच पाऊचमध्ये मुलामा दिलेला थर घ्यावा लागेल, नाहीतर बरणी आणि कमी दिवसांची मुदत. खोटं कशाला सांगू, लहान पाऊच एका जातीचा असला तरी आज भंगारवाला घेणार नाही. वजनच नसतं. उद्या गोळा करायची सोय झाली तर तो उपयोगी पडेल, एवढंच.

कम्पोस्टेबल: चिपळुणात औद्योगिक कम्पोस्टची भट्टी आहे का? नसेल तर त्यातले बरेचसे पाऊच परसातल्या खड्ड्यात तसेच राहतील. आणि त्यातलं पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लॅस्टिक) चुकून पेटमध्ये मिसळलं तर तेही बुडतं, वाळवताना चिकट होऊन गोळे करतं. दाणेवाला शिव्या देतील.

दाणेवाला

देईनच.

मीनल_कोथरूड

कोकणमेवा, अशाच 'कापडी' पिशव्यांपासूनही सावध. ती मऊ, जाळीदार दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी पीपीचीच असते. प्रदर्शनात निम्मे स्टॉल त्याच वाटतात आणि वर 'प्लॅस्टिकमुक्त' छापतात.

कोकणमेवा

खूप धन्यवाद सगळ्यांना. गटात बोलले. छापील फिल्मला किमान ऑर्डर फार मोठी आहे, तेव्हा साधा पीपी पाऊच आणि वर स्टिकर, असं ठरतंय. आमच्या एक काकू म्हणाल्या, स्टॉलवर रिकामी बाटली आणली की आगळ भरून देऊ, दहा रुपये कमी. चालेल का?

वेष्टनकार

पेटच्या बाटलीत नको. उकळतं पाणी घातलं की ती ७५ अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकडी होते, म्हणजे नीट निर्जंतुक करता येत नाही. स्थानिक बाजारासाठी काचेची ठेवा, ती धुऊन परत भरता येईल. पुण्या-मुंबईच्या पार्सलला पेट.

कोकणमेवा

तसंच करू. पण स्लीव्हचा रोल बराच उरलाय, पैसे गुंतलेत. फेकवत नाही.

वेष्टनकार

फेकू नका, संपवा. छपाईवाल्याकडून त्यावर उभी छिद्रांची रेघ मारून घ्या आणि 'बाटली भंगारात देण्याआधी हे फाडून काढा' असा छोटा स्टिकर लावा. स्लीव्ह निघाली की आतली बाटली कुठलाही भंगारवाला घेईल.